इराणी मांजरं आणि ताईची जट

त्या दुपारी कंगवा माझ्या हातात होता. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, आणि ज्या मित्रांसमोर माणूस पोटात दोन घोट गेले की नको ते बोलून जातो त्यांनाही नाही. धामणगावात, आमच्या घरात आणि घराबाहेर, आजही असंच समजतात की माझ्या थोरल्या बहिणीनं, शांताताईनं, देवीच्या जटेला आपल्या हातानं कंगवा लावला आणि म्हणून पुढचं सगळं झालं. ते खोटं आहे. ते खोटं माझ्या तोंडून एका वाक्यात बाहेर पडलं, आणि गावानं ते इतकी वर्षं जिवापाड सांभाळलं.

आत्ताच का लिहायला बसलो तेही सांगतो. गेल्या दिवाळीत मुलीकडे पुण्याला गेलो, तर तिच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर पांढरी इराणी मांजर बसलेली. मुलगी तिला पर्शियन म्हणते. तिच्यासाठी महिन्याला एक मुलगा पेटी घेऊन येतो, तिला न्हाऊ घालतो, गरम वाऱ्याच्या यंत्रानं वाळवतो. मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, ही कानामागं कोणाला हातच लावू देत नाही हो.’’ मी ब्रश घेतला. डाव्या हाताच्या दोन बोटांत केस मुळाशी धरले, म्हणजे कातडी ओढली जात नाही, आणि टोकाकडून थोडं थोडं सोडवत वर गेलो. मांजर डोळे मिटून घुरघुरायला लागली. ‘‘अय्या, तुम्हाला कुठून येतं हे?’’ असं मुलगी हसत म्हणाली. मी ब्रश टाकला आणि खाली जाऊन फाटकाशी उभा राहिलो. हातांना सगळं आठवत होतं. तोंड मात्र तेव्हासारखंच बंद होतं.

आमच्याकडे ती मांजरं कादरभाईंकडून आली. कादरभाईंचं गावात कापडाचं दुकान होतं, बाबांशी त्यांची उठबस होती. त्यांची मुलगी हैदराबादला दिलेली. उतारवयात दोघं नवराबायको तिच्याकडे राहायला निघाली. भर उन्हाळ्यात गाड्या बदलत जायचं, त्यात मांजरं जगली नसती. बाबांनी ती मागून घेतली. पांढरी रेशम आणि धुरकट रंगाचा मुन्नू. चपटी तोंडं, सदा ओले डोळे, आणि अंगावर इतके केस की पाय कुठं आहेत ते शोधावं लागायचं. कादरभाईंच्या बायकोला आम्ही चाची म्हणायचो. जायच्या आधी एका दुपारी तिनं मला आणि ताईला चटईवर बसवून सगळं शिकवलं. शिंगाचा रुंद दात्यांचा कंगवा दिला, शंखजिऱ्याच्या पुडीचा डबा दिला. ‘‘देखो बेटा, ऊपर से कंगी मारे तो कुछ नई होता. ऊपर से रेशम दिखता, अंदर नमदा बनता रहता,’’ असं म्हणून तिनं रेशमच्या काखेतली, दाबलेल्या लोकरीसारखी झालेली एक घट्ट गाठ आम्हाला बोटांनी चाचपायला लावली. त्या गाठीवर पूड चोळली, बोटांनी ती उभी फाडली, आणि मग टोकाकडून एकेक पदर मोकळा केला. ‘‘और गाठ को पानी मत लगाना. बिल्कुल मत लगाना. गीली हुई तो और कस जाती.’’ एवढं सांगून ती मांजरीच्या डोक्यावर तोंड ठेवून रडली. चाची गेली आणि मांजरांवर जीव लावणारं शेवटचं मोठं माणूस गेलं.

बाबांना मांजरांवर माया होती असं मी म्हणणार नाही. लोकांनी त्यांच्या मांजरांकडे पाहिलेलं त्यांना आवडायचं. शेती मोठी, कापसाच्या खरेदीचा धंदाही होता, त्यामुळं संध्याकाळी आमच्या बैठकीत माणसं असायचीच. तलाठी, मास्तर, मलकापूरकडचे व्यापारी. पांढऱ्या चादरीच्या गादीवर मधे बाबा, एका बाजूला रेशम, दुसऱ्या बाजूला मुन्नू. तलाठी रोज तोच विनोद करायचे, ‘‘दादासाहेब, हे मांजर हाय का कापसाचा गठ्ठा? जिनिंगात नेलं तं आतून सरकी निघन.’’ सगळे रोज तसेच हसायचे. बाबा म्हणायचे, ‘‘हात लावून पाहा. पण हात धुतले ना?’’ वैशाखात आमच्याकडे दुपारी भिंतीला हात लावला तरी पोळतो. तेव्हा माठाखाली ओलं तरट अंथरून त्यावर ही दोघं लोळायची आणि त्या तरटावर पाणी मारायला एक गडी नेमलेला असायचा. तो गडी स्वतः उन्हात उभा. मी हे आता लिहितो तेव्हा माझ्या दाढा एकमेकींवर आवळल्या जातात, पण तेव्हा आम्हाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं, हेही लिहिलं पाहिजे.

रोज दिवेलागणीच्या आधी मांजरांची फणी व्हायची. ताई मांजर मांडीवर घेऊन पुढचे पाय धरायची आणि मी कंगवा चालवायचो. कापूस वेचणीच्या दिवसांत तर दोघांच्या अंगात कापसाचे तंतू, गोखरू, आघाड्याचं बी, काय काय अडकलेलं असायचं. मागच्या अंगणात तीन दगडांवर ताई त्यांच्यासाठी बाजारातून आणलेलं मटणाचं बारीकसारीक शिजवायची, कारण माय ते चुलीपाशी येऊ देत नसे. आत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापल्याचा आवाज, बाहेर त्या शिजण्याचा उग्र वास, आणि मधे आम्ही दोघं अंगभर केस घेऊन बसलेलो. ताई फार थट्टेखोर होती. ‘‘गजा, तुह्या बायकोची वेणीफणी तूच करजो रे. हात चांगला हाय तुहा,’’ असं म्हणायची आणि स्वतःच खो खो हसायची. तिचे स्वतःचे केस कमरेच्या खाली होते. वरवट बकालच्या एका मास्तरशी तिची सोयरीक ठरली होती. तो पाहायला आला तेव्हा रेशम सरळ त्याच्या मांडीवर जाऊन बसली आणि त्याची काळी पॅन्ट पांढरी करून टाकली. बाबा ओशाळले. तो म्हणाला, ‘‘असू द्या, घरी गेल्यावर तुमची आठवण राहील.’’ दाराआड ताईनं तोंडात पदर कोंबला होता. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, लग्न धरलं होतं.

दिवाळी झाली आणि ताईला मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड, झाला. मोताळ्याहून डॉक्टर येऊन औषध देऊन गेले. ते माय वेळेवर पाजायची, लाह्यांचं पाणी द्यायची, साबुदाण्याची पेज करायची, कपाळावर घड्या ठेवायची. तिच्या सेवेत काही कमी नव्हतं. पण तिचं एक ठाम होतं. ‘‘तापात डोक्याले फणी लावायची नसते. ताप डोक्यात चढते.’’ ते तिला तिच्या मायनं सांगितलं होतं. म्हणून आठवड्यांमागून आठवडे ताईचं डोकं त्या उशीवर घासलं गेलं, घामात भिजलं, वाळलं, पुन्हा भिजलं. आणि त्याच दिवसांत, एका भिंतीच्या अलीकडे, मी रोज संध्याकाळी मांजरांना विंचरत होतो, कारण बैठकीआधी बाबा रेशमच्या कानामागं दोन बोटं घालून गुंता राहिला का ते स्वतः पाहायचे. ताईच्या खोलीच्या दाराशी ते थांबायचे, ‘‘पेज घेतली का तिनं?’’ विचारायचे आणि पुढं जायचे. त्या घरात मांजरीच्या डोक्यावरून रोज कंगवा फिरत होता आणि मुलीच्या डोक्यावरून एकदाही नाही. मला हे तेव्हाच दिसलं होतं. मी काही लहान नव्हतो, मिसरूड फुटत होतं. दिसलं, आणि मी मांजरं विंचरत राहिलो.

ताप उतरला. ताईला धरून बसवलं तेव्हा तिच्या डोक्याची मागची बाजू मला दिसली. मानेच्या वर, मधोमध, केसांचा नमदा झाला होता. मी पाहताक्षणी ओळखलं. रेशमच्या काखेत व्हायची तीच गाठ, फक्त भाकरीएवढी. माय घाबरली. तिनं वाटीभर कोमट तेल ओतलं, चोळलं, आणि मग कडकडीत पाण्याचं घंगाळ काढलं. मी म्हणालो, ‘‘माय, पाणी नको लावू त्याले. आवळन ते.’’ ती म्हणाली, ‘‘तुले काय समजते रे बायाच्या डोक्यातलं? हो तिकडे.’’ मी झालो तिकडे. रिठ्याच्या पाण्यानं तिनं ते डोकं खसाखसा चोळलं. वाळल्यावर ती चकती आवळून, पिळून, दोरखंडासारखी एक गुंडी होऊन मानेवर लोंबायला लागली.

दुसऱ्या दिवशी गोदाबाई आली. गोदाबाई ही आमच्या आळीतली आराधीण. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, मंगळवारी जोगवा मागायची. तिच्या स्वतःच्या डोक्यावर कमरेपर्यंतची जट होती. ती लबाड बाई होती असं मला म्हणता येत नाही. तिला खरंच तसं वाटत होतं, आणि याचाच मला आज जास्त राग येतो, कारण लबाड माणसाला निदान पकडता येतं. ताईचं डोकं पाहिल्याबरोबर तिनं हात जोडले. ‘‘आई आली वं! माहूरची आई आली तुह्या घरी. आता याले कात्री नाही, फणी नाही. हात लावला तं घर जाईन.’’ माय मटकन खाली बसली. मायच्या एका मावशीची जट कोणीतरी कापली होती आणि महिन्याच्या आत ती मावशी गेली होती. ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. मायनं त्या गुंडीला हळदकुंकू वाहिलं. चार दिवसांत बाया नारळ घेऊन यायला लागल्या. ताई भिंतीला टेकून बसलेली, तापानं हडकलेली, तिला धड मानही सावरत नव्हती, आणि म्हाताऱ्या बाया तिच्या पायांवर डोकं ठेवत होत्या.

सगळ्यांचे डोळे बाबांकडे होते. बैठकीत बाबा देवाधर्माची टिंगल करायचे. अंगात येणाऱ्या बायांची नक्कल तर इतकी हुबेहूब करायचे की तलाठी गादीवर लोळायचे. मला खात्री होती की बाबा आत येतील आणि म्हणतील, काय तमाशा लावला आहे, आणा ती कात्री. ते आले. उंबऱ्याच्या बाहेर उभे राहिले. ताईकडे पाहिलं. तिनंही त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, ‘‘बायाचं काम हाय, बायाईनं पाहावं,’’ आणि निघून गेले. संध्याकाळी रेशमच्या कानामागं मात्र त्यांची बोटं फिरलीच. बाबा वारून आता खूप वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलतो. एवढं मोठं तोंड बैठकीत चालवणारा माणूस आपल्या घरातल्या एका उंबऱ्यापुढं भित्रा निघाला, आणि त्याची किंमत त्याच्या मुलीनं दिली.

वरवट बकालला बातमी जायला वेळ लागला नाही. त्या मास्तरचा चुलता आला. सरळ माणूस होता, आडपडदा न ठेवता बोलला. ‘‘दादासाहेब, डोक्यात जट नसन तं पोरगी आमची. जट असन तं ती देवीची झाली. देवीची वस्तू आमी घरात कशी नेऊ? तुमी पाहून घ्या अन् आखाजीच्या आधी सांगा.’’ बाबांनी मान हलवली. दाराआड उभ्या असलेल्या ताईनं हे ऐकलं. मीही तिच्या मागंच होतो.

त्यानंतरची एक दुपार. बाबा बाहेर बैठकीत व्यापाऱ्यांबरोबर होते. माय आणि गोदाबाई माहूरला जायच्या तयारीसाठी कोणाकडे तरी गेल्या होत्या. मी रेशमला विंचरायला म्हणून कंगवा आणि पुडीचा डबा घेऊन आत आलो, तर ती ताईच्या खाटेवर झोपलेली.

‘‘गजा,’’ ताई म्हणाली, ‘‘खरं सांग. हे जट हाय का गाठ हाय?’’

‘‘गाठ हाय.’’

‘‘नक्की?’’

‘‘रेशमले होते तशीच. मायनं पाणी लावलं म्हणून आवळली.’’

‘‘मंग सोडव नं बे. मांजराच्या सोडवतं, माही काऊन नाही सोडवत?’’

‘‘दुखन ताई.’’

‘‘दुखू दे. मले वरवटले जायचं हाय.’’ असं म्हणून ती हसली. तापानंतर मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

मी तिच्या मागं बसलो. गाठीवर पूड चोळली. नखांनी टोकाकडचा भाग उभा फाडला. चाचीनं शिकवलं तसं मुळाशी केस दोन बोटांत धरून कंगव्याच्या टोकाच्या दात्यानं एकेक पदर उकलायला लागलो. कोरडा करकर आवाज येत होता. आतून हळदीचे खडे निघाले, तापातली एक लाही निघाली, तेलाचा आंबूस वास आला. ताईच्या डोळ्यांतून पाणी येत होतं पण ती हूं की चूं करत नव्हती. आणि मग एक बट सुटली. वाकडीतिकडी, राठ, पण सुटली आणि तिच्या खांद्यावरून पुढं आली. तिनं ती हातात घेतली, उजेडात धरली. ‘‘पाह्य बे,’’ ती म्हणाली, ‘‘माहेच केस हायेत.’’ आम्ही दोघं दबक्या आवाजात हसत सुटलो. मग दुसरी सुटली. अंगठ्याएवढा झुपका मोकळा झाला. तीनचार दुपारी मिळाल्या असत्या तर ती सगळी गाठ मी सोडवली असती. हे मी आज छातीवर हात ठेवून सांगतो. त्या कामात माझा हात चुकत नव्हता.

माय आणि गोदाबाई कधी दारात येऊन उभ्या राहिल्या ते कळलं नाही. मायनं जो आवाज काढला तसा मी तिच्या तोंडून पुन्हा कधी ऐकला नाही. ती स्वतःच्या गालांवर मारून घ्यायला लागली. गोदाबाईच्या अंगात आलं. जट मोकळी सोडून ती घुमायला लागली, ‘‘कोणाचा हात? सांगा, कोणाचा हात?’’ गलका ऐकून बाबा आत आले, त्यांच्यामागं दारात तलाठी, व्यापारी, सगळे. आणि जो माणूस इतके दिवस उंबरा ओलांडून आत आला नव्हता तो आता खोलीच्या मधोमध उभा राहून ओरडला, ‘‘कोणं केलं हे?’’

कंगवा ताईच्या मांडीवर होता. तो मी खाली कधी ठेवला ते मला आठवत नाही, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. आठवतं. मायचा आवाज कानावर पडताक्षणी ठेवला. आणि म्हणालो, ‘‘मी रेशमले न्याले आलो होतो. ताई आपल्या हातानं करून राह्यली होती.’’

ताईनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग ती बाबांना म्हणाली, ‘‘हाव. म्याच केलं.’’ मानेच्या मागची गाठ कोणी स्वतःच्या हातानं, आरशाशिवाय, अशी पदरापदरानं उकलू शकत नाही, हे खोलीतल्या एकाही माणसाच्या डोक्यात आलं नाही. की आलं, आणि तेही माझ्यासारखेच गप्प बसले, कोण जाणे.

गोदाबाईनं दंड सांगितला. सुटलेले केस तूप आणि हळद लावून पुन्हा त्या गुंडीत वळून घातले. चांगले मोकळे झालेले केस, मी सोडवलेले, तीन बायांनी मिळून परत पिळले आणि वर हिरवं फडकं आवळून बांधलं. ताईला जमिनीवर नाक घासायला लावलं. नुकती तापातून उठलेली पोरगी, तिच्यानं वाकवत नव्हतं, तर मायनं मानेला धरून वाकवलं. मी रेशमला काखेत मारून दाराशी उभा होतो. देवीच्या जटेला पोरीनं स्वतः फणी लावली हे वरवट बकालला कळलं, आणि तिकडून पुन्हा कोणी आलं नाही. आखाजी झाली. त्या मास्तरचं लग्न दुसरीकडे झालं.

त्यानंतर मी जे केलं ते सगळ्या गावाला माहीत आहे, कारण ते मी चव्हाट्यावर केलं. एका संध्याकाळी बाबांनी बैठकीतून नेहमीसारखी हाक मारली, ‘‘गजा, मांजराईची फणी झाली का रे?’’ कापसाच्या बोऱ्यांची सुतळी कापायची मोठी कात्री खुंटीला होती. मी ती घेतली आणि मागच्या अंगणात रेशमचे केस कापायला लागलो. पाठ, पोट, मान, शेपटी. ती बिचारी हललीसुद्धा नाही, माझ्या हाताची तिला सवय होती, डोळे मिटून घुरघुरत होती. खाली गुलाबी कातडी दिसायला लागली. उंदरासारखं झालेलं ते जनावर मी उचललं आणि भरल्या बैठकीत पांढऱ्या गादीवर बाबांच्या शेजारी नेऊन ठेवलं. मग तलाठी म्हणाले, ‘‘दादासाहेब, निघाली बरं का सरकी!’’ आणि सगळे फुटले.

बाबांनी मला वेताच्या छडीनं अंगणभर मारलं. ‘‘कोणं केलं? कोणं सांगतलं तुले?’’ ‘‘मीच केलं,’’ मी म्हणालो. छडी पडत होती आणि मी दरवेळी म्हणत होतो, मीच केलं, मीच केलं. मांजरीसाठी मला ते दोन शब्द किती सहज सापडले! मारता मारता बाबा थांबले, रेशमला उचलून त्यांनी धोतराच्या सोग्यात गुंडाळलं आणि त्यांचे डोळे भरून आले. ‘‘माहं सोन्यासारखं जनावर,’’ म्हणाले. मुलीचं लग्न मोडलं त्या दिवशी ते डोळे कोरडे होते. ताई खिडकीतून हे पाहत होती. तिच्या मनात काय चाललं असेल, याचा विचार मी आजही शेवटापर्यंत करू शकत नाही. पुढच्या थंडीत रेशमचे केस परत आले, आधीपेक्षा दाट. तेव्हा मी शिकायला बुलडाण्याला निघून गेलो होतो, आणि शिकायला जाणं हे निमित्त होतं. पळालोच मी. नोकरीही लांबची पाहिली.

घरी ताई राहिली. बाबांना अर्धांगवायू झाला तेव्हा बाया म्हणाल्या, हात लावला होता ना. विहिरीचं पाणी आटलं तेव्हाही तेच. आमचा धाकटा भाऊ वसंता, ताईनंच कडेवर वाढवलेला, त्याचं पहिलं मूल गेलं तेव्हा त्याच्या बायकोनं सगळ्यांदेखत ताईला म्हटलं, ‘‘तुमच्या हातानं गेलं माहं लेकरू.’’ मी त्या दिवशी तिथं होतो. भिंतीला पाठ लावून बसलो होतो आणि काही बोललो नाही. हीच भावजय मंगळवारी ताईच्या पाया पडते, कारण त्या दिवशी ताई देवी असते. बाकीचे दिवस ती घराचं वाटोळं करणारी बाई असते. जट आता कमरेखाली गेली आहे. ओल्या दोरखंडासारखं ते ओझं घेऊन तिची मान एका बाजूला कलली आहे, ती उताणी झोपू शकत नाही, उन्हाळ्यात आतून चिघळतं. मला या सगळ्यांची चीड येते. पायावर डोकं ठेवणाऱ्यांची, बोट दाखवणाऱ्यांची, आणि दोघांच्या मधे बसून चहा पिणाऱ्या माझी सर्वांत जास्त.

काही वर्षांपूर्वी गावात काही कार्यकर्त्या बाया आल्या. बरोबर डॉक्टरीण होती. त्यांनी ताईला फार मायेनं समजावलं की हा रोगही नाही, देवीही नाही, नुसता केसांचा गुंता आहे. आम्ही काढतो, काही होणार नाही. मी योगायोगानं घरी होतो. वाटलं, ही हो म्हणेल. ताई शांतपणे म्हणाली, ‘‘नाही बाई. एकडाव हात लागला तं घराचं काय झालं ते म्या पाह्यलं.’’ म्हणजे तिलाही आता ते खरंच वाटत होतं. जिनं स्वतःचे सुटलेले केस हातात धरून उजेडात पाहिले होते तिलाच. त्या बाया गेल्यावर तिनं मला जेवायला वाढलं. भाकर, अंबाडीची भाजी, वर तेल. आणि आसपास कोणी नाही असं पाहून हळूच म्हणाली, ‘‘गजा, तू उगा मनाले लावून घेऊ नको. म्याच तुले सोडव म्हटलं होतं. तुहं नाव नाही निघालं हे बरं झालं. तुह्यावर आलं असतं बापा.’’

इतकी वर्षं ती मला वाचवत होती. माझ्यावर काही येऊ नये म्हणून प्रत्येक मरण, प्रत्येक आटलेली विहीर ती आपल्या मानेवर घेत होती. मला तिचा राग आला. तिनं मला शिव्या दिल्या असत्या, तोंडावर थुंकली असती, तर मी उठून अंगणात जाऊन ओरडलो असतो, असं मला वाटलं. पण तेही खोटंच असेल. मी खाली मान घालून भाकर खाल्ली, हात धुतला आणि गाडीच्या वेळेला निघालो.

ताई अजून आहे. धामणगावात, त्याच घरात. वसंताच्या बायकोसमोर, मंगळवारी येणाऱ्या त्या बायांसमोर उभं राहून, ‘ती जट नव्हती, गाठ होती, तिला हात मी लावला होता, ताईनं नाही, आणि त्या घरात मेलेलं कोणीही त्यामुळं मेलेलं नाही,’ एवढं मी अजून बोललेलो नाही. इथं लिहिलं आहे, पण त्या घरात हे कोणी वाचणार नाही, आणि ते मला लिहायला बसतानाच माहीत होतं. तिथं जाऊन, ती ऐकत असताना, हे तोंडानं बोलणं मी तिला देणं लागतो.